जुन्या लाकडाला गिऱ्हाईक आहे, वैद्य नाही

नांदेडमध्ये होळी, चौफाळा, गाडीपुरा या जुन्या वस्त्यांतून किंवा लातूरमध्ये गंजगोलाईच्या मागच्या गल्ल्यांतून हिंडणाऱ्याला एक विसंगती सहज जाणवते. जुने सागवानी दरवाजे, चौकटी, खांब आणि तुळया रोख भावाने विकत घेणारा व्यापारी कोठे भेटतो, हे कोणीही सांगेल. वाडा पाडायचा ठरला की त्याला निरोपही धाडावा लागत नाही. परंतु तोच दरवाजा उन्हापावसाने राखाडी पडला, खांबाचा पाया कुजू लागला किंवा सज्जाची फळी सुटली, तर ती नीट करून देणारा माणूस कोण, या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. मोडीत काढणाऱ्याची जाहिरात आहे, दुरुस्त करणाऱ्याची नाही. मराठवाड्यातील उरल्यासुरल्या वाड्यांचे भवितव्य या एका उणिवेशी बांधलेले आहे, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये.

इमारतीच्या बाहेरील लाकूडकामाची दुरुस्ती आणि पुनरुज्जीवन हा परदेशात स्वतंत्र व्यवसाय आहे. आपल्याकडे महानगरांत तो हळूहळू रुजतो आहे. नांदेड-लातूरसारख्या शहरांत एखाद्या होतकरू तरुणाने उद्या असा व्यवसाय सुरू केला, तर त्याच्यासमोरचा पहिला प्रश्न भांडवलाचा असेल आणि दुसरा जाहिरातीचा. लोकांना ज्या सेवेचे नावच ठाऊक नाही, ती विकायची कशी? हा प्रश्न एका दुकानदाराचा वाटतो. पण त्याचे उत्तर कसे दिले जाते यावर वाडे, सुतार आणि त्या घरांत राहणारी माणसे या तिघांचेही हित अवलंबून आहे.

आधी या लाकडाचे मोल समजून घ्यावयास हवे. मराठवाड्यातील जुन्या घराचा हिशेब खोल्यांवर नव्हे, तर खणांवर होत असे. चार खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि त्यावर मातीचे जाड माळवद, असा एक खण. घर तीन खणांचे की सात खणांचे, यावरून घरमालकाची ऐपत कळे. खांब थेट जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करण्याची रीत होती. जमिनीतील ओल लाकडात चढू नये, एवढे साधे शहाणपण त्यामागे होते. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला किनवट-माहूरचे सागवानी जंगल आहे. लातूर जिल्हा मात्र राज्यातील सर्वांत कमी वनक्षेत्राच्या जिल्ह्यांपैकी एक. तेथील वाड्यांतला प्रत्येक सागवानी खांब म्हणजे दुरून आणलेली आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेली मत्ता होती.

ही मत्ता आता पुन्हा निर्माण होणारी नाही. नैसर्गिक जंगलात सावकाश वाढलेल्या सागाचा गाभा मोठा आणि दाट असतो. लागवडीतला साग लवकर तोडला जातो. त्यात टिकाऊ गाभ्याच्या मानाने बाहेरचा पांढरा, कच्चा भाग अधिक. एकेकाळी ज्याच्या नावाने बाजारात भाव सांगितला जाई, त्या ब्रह्मदेशच्या सागाच्या ओंडक्यांची निर्यात म्यानमारने एप्रिल २०१४ पासून बंद केली. म्हणजेच जुन्या वाड्यातील तुळई ही केवळ जुनी वस्तू नाही, तर आज सहजी विकत न मिळणाऱ्या प्रतीचे लाकूड आहे. भंगाराच्या व्यापाऱ्याला हे नेमके ठाऊक असते. ते बहुधा ठाऊक नसते घरमालकालाच.

आता या लाकडाचे बिघडते काय ते पाहू. मराठवाड्याचे हवामान बाहेरच्या लाकडाला मानवणारे नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि लाकूड आतून सुकते. पावसाळ्यात तेच लाकूड ओल शोषून फुगते. या आकुंचन-प्रसरणाने भेगा पडतात, सांधे सैल होतात. उन्हातील अतिनील किरण लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारे द्रव्य तोडतात. पाऊस ते धुऊन नेतो आणि पृष्ठभाग राखाडी दिसू लागतो. येथेच सामान्य माणसाची पहिली गफलत होते. राखाडी रंग म्हणजे कुजणे नव्हे. उन्हाचा हा परिणाम वरच्या अत्यंत पातळ थरापुरताच असतो. आतला सागवान शाबूत असू शकतो. उलट दर दिवाळीला ऑइलपेंटचा चकचकीत हात मिळालेली चौकट आतून पोकळ निघू शकते. कुजवणारी बुरशी ओलीवर जगते. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण सुमारे वीस टक्क्यांच्या वर राहिले की तिला वाव मिळतो. रंगाच्या जाड थरांखाली कोंडलेली ओल नेमके तेच घडवून आणते.

दुसरे कारण हवामानाचे नाही, आपल्या नगररचनेचे आहे. जुन्या गल्ल्यांतील रस्ते वर्षानुवर्षे खडी-डांबराचे आणि मग काँक्रीटचे थर चढत उंच होत गेले. पूर्वी ज्या घराला दोन पायऱ्या चढून जावे लागे, त्या घरात आज पायरी उतरून जावे लागते. पावसाचे पाणी उंबरठ्याशी साचते, तळखडा गाडला जातो आणि ज्या ओलीपासून पूर्वजांनी खांब वाचविला होता, ती ओल त्याच्या पायाशी कायमची येऊन बसते. त्यावर उपाय म्हणून खांबाभोवती सिमेंटचा ओटा केला जातो. तो पाणी अडवत नाही, धरून ठेवतो. अशा खांबाला वरून कितीही पॉलिश केले तरी रोग पायाशी तसाच राहतो.

म्हणूनच या व्यवसायातील खरे काम रंगाऱ्याचे नाही, निदानाचे आहे. आधी टोच्याने टोचून, ठोकून आवाज ऐकून, कोठे लाकूड पक्के आहे आणि कोठे भुसभुशीत झाले आहे हे ठरवावे लागते. पाणी कोठून येते ते शोधून बंद करावे लागते. कुजलेला भाग तेवढाच कापून, त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा रेषा जुळवून बसवावा लागतो. जुना रंग काढताना कॉस्टिक सोड्याची घाई किंवा गाड्या धुण्याच्या यंत्राचा जोरदार फवारा लाकडाचे तंतू उधळून टाकतो. पिढ्यांपूर्वी पटाशीने कोरलेली कमळे आणि वेलबुट्टी एका दुपारी पुसट होऊ शकते. वाळवी आणि किडीसाठी बोरॅक्स-बोरिक ॲसिडचे द्रावण उपयोगी पडते, पण वर संरक्षक लेप नसेल तर पावसाने ते धुऊन जाते. शेवटी येते ते तेल. जवसाचे उकळलेले तेल आपल्या सुतारांना नवे नाही. ते लाकडात मुरते आणि झिजले की पुन्हा लावता येते. या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात, हेही कामगाराला शिकवावे लागते.

जुन्या रंगाचा आणखी एक धोका आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगाच्या थरांत शिसे असण्याची शक्यता मोठी. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ घरातील लहान मुलांच्या आणि काम करणाऱ्याच्या शरीरात जाते. पृष्ठभाग ओला ठेवून खरवडणे, खाली प्लास्टिक अंथरणे, तोंडाला योग्य मुखपट्टी लावणे, या गोष्टींचा खर्च दरपत्रकात धरावाच लागतो. जो तो धरत नाही, त्याचा दर अर्थातच कमी दिसतो.

आणि मराठवाड्यात या साऱ्याच्या वर एक मोठा प्रश्न उभा आहे, किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. माणसे मेली ती प्रामुख्याने दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. त्या भिंती दुपदरी होत्या. दोन पदरांना सांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते, म्हणून धक्क्याने त्या फुगून फुटल्या. काही ठिकाणी भिंती कोसळूनही खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि त्याने छप्पर तोलून धरले. पण लोकांच्या मनात धास्ती बसली ती जुन्या घराचीच. भूकंपानंतरच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या मार्गदर्शनात माळवदाची माती कमी करणे, भिंतींत आरपार बंध घालणे, खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरपे आधार देणे असे उपाय सांगितले गेले होते. नव्या वसाहतींच्या गाजावाजात हे साधे उपाय मागे पडले.

मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या भूकंपाचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले, तेव्हा जुन्या घरांतील माणसे पुन्हा एकदा रस्त्यावर आली. अशा प्रदेशात वाड्याच्या दर्शनी लाकडाला झळाळी आणून 'आपला वाडा पुन्हा नवा' असे सांगणारी जाहिरात निव्वळ अतिरंजित ठरत नाही. ती धोकादायक ठरते. चमकणाऱ्या दरवाजामागची भिंत तशीच सुटी राहिली, तर त्या दरवाजाने घरातील माणसांना खोटा भरवसा दिलेला असतो. लाकडाचे काम करणाऱ्याने भिंतीविषयी मौन पाळू नये. भिंतीची तपासणी स्थापत्य अभियंत्याकडून करून घ्या, हे वाक्य त्याच्या जाहिरातीत आणि दरपत्रकात ठळक असले पाहिजे.

जाहिरातीचा मुद्दा येथे खऱ्या अर्थाने सुरू होतो. काही वस्तू अशा असतात की त्यांची प्रत ग्राहकाला विकत घेताना कळते. काहींची वापरल्यावर कळते. या सेवेची प्रत कळते ती दोन-तीन पावसाळ्यांनंतर, आणि तोवर कारागीर कोठे असेल याचा नेम नसतो. नुकतेच तेल पाजलेले कोणतेही लाकूड छायाचित्रात सुंदरच दिसते. त्यामुळे 'आधी' आणि 'नंतर' अशा दोन छायाचित्रांनी काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध करावयाचे असेल तर तिसरे छायाचित्र हवे, त्याच दरवाजाचे, दोन पावसाळ्यांनंतरचे. नव्या व्यावसायिकाकडे ते नसणार, हे उघड आहे. मग त्याने स्वतःच्या घराचा, गावातील एखाद्या मंदिराचा वा शाळेचा दरवाजा आधी करावा, त्यावर तारीख लिहावी आणि तो ऊनपावसात सर्वांसमोर उभा राहू द्यावा. यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा खरी जाहिरात संभवत नाही.

कायद्याचेही भान हवे. जुलै २०२० मध्ये अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतील दावा ज्या भाषेत असेल, त्याच भाषेत त्याच्या मर्यादाही सांगाव्या लागतात. वर मराठीत 'वाळवीपासून कायमची मुक्ती' आणि खाली इंग्रजीत बारीक अक्षरांत अटी, ही आपल्याकडची सर्रास रीत त्यात बसत नाही. तसे पाहता लाकडाच्या बाबतीत 'कायमचे' हा शब्दच खोटा आहे. बाहेरच्या लाकडावर लावलेले तेल वर्ष-दोन वर्षांत पुन्हा लावावे लागते. नॉर्वेतील बोर्गुंड येथील लाकडी चर्च बाराव्या शतकाच्या अखेरीचे मानले जाते. ते आजवर टिकले ते कोणत्याही चमत्कारिक लेपामुळे नव्हे, तर त्याला वेळोवेळी डांबराचा लेप देण्याची परंपरा चालू राहिल्यामुळे. लाकूड टिकते ते औषधाने कमी आणि पथ्याने अधिक.

म्हणून या व्यवसायाने विकावयाची वस्तू म्हणजे झळाळी नव्हे, निगा. पावसाळ्यापूर्वी एक तपासणी, पावसाळ्यानंतर एक हात तेलाचा, आणि सैल झालेला सांधा वेळीच आवळणे, असा वार्षिक करार परवडण्याजोग्या रकमेत देता आला, तर ग्राहकालाही सोयीचे आणि कारागिरालाही बारमाही काम. केवळ वाड्यांवर असा व्यवसाय तगणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. वाडे थोडे उरले आहेत. नव्या बंगल्यांचे सागवानी मुख्य दरवाजे मात्र पुष्कळ आहेत, आणि पश्चिमेच्या उन्हात तेही तितकेच सोलवटतात. मंदिरांचे दरवाजे, मंगल कार्यालये, जुन्या शाळा यांची भर घातली तर दोन्ही शहरांत एका छोट्या गटाचे पोट निघण्याइतके काम नक्कीच आहे. बंगल्यांच्या कामावर व्यवसाय उभा राहिला, तरच वाड्याच्या अवघड कामासाठी त्याला वेळ आणि कारागीर राखता येतील.

वाड्यांच्या बाबतीत अडचण केवळ कारागिराची नाही, मालकीचीही आहे. एका वाड्याचे दहा-बारा वारस, त्यांतले निम्मे पुण्या-मुंबईत, एखादा परदेशात. उरलेल्या खणांत जुने भाडेकरू. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे ही जबाबदारी घरमालकाची. नोटीस देऊनही त्याने ती टाळली, तर भाडेकरूला खर्च करून तो भाड्यातून वळता करता येतो. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. जुन्या वाड्यांतील भाडे पाहता त्या रकमेत खांबाचा पाया बदलणे दूरच राहिले. परिणाम असा की वाटणी होईपर्यंत कोणीच हात लावत नाही, आणि वाटणी झाली की पहिला निरोप भंगाराच्या व्यापाऱ्याला जातो. पडक्या वाड्याचे लाकूड किती मोलाचे आहे आणि ते जागेवर राखण्याचा खर्च किती, याचा लेखी अंदाज वारसांसमोर ठेवणारा कोणी असता, तर निदान काही निर्णय वेगळे झाले असते. हे काम नव्या व्यावसायिकाने जाहिरातीचा भाग म्हणून करावे.

आणि तो कारागीर कोण? सुताराच्या हातातली खाच-कूस जोडण्याची, रंधा ओढण्याची आणि कोरण्याची विद्या आजही काही घरांत आहे. पण प्लायवूड आणि सनमायकाच्या कामात तिला मागणी नाही, म्हणून मुलगा ती शिकत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंतचे कर्ज तीत मिळते. परंतु अवजार मिळाल्याने काम मिळत नाही. काम मिळते ते नाव झाल्याने, आणि आपल्याकडे नाव होते ते ठेकेदाराचे. नव्या व्यवसायाच्या फलकावर कंपनीच्या चकचकीत नावाखाली काम करणाऱ्या मिस्त्रीचेही नाव असले, तर ग्राहकाला विचारायला एक माणूस सापडेल आणि कारागिरालाही आपल्या कामाची लाज राखावी लागेल.

सरकारी यंत्रणेने काय करावे, हेही थोडक्यात सांगावयास हवे. पुण्यात दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी बांधलेल्या विश्रामबागवाड्याचा कोरीव लाकडी दर्शनी भाग आज पाहावयास मिळतो, तो त्या वास्तूला सार्वजनिक वापर आणि संस्थेची देखरेख लाभली म्हणून. नांदेड-लातूरच्या खासगी वाड्यांना असा वाली नाही. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसा वास्तूंच्या जतनाची तरतूद आहे. पण वास्तूचे नाव यादीत आल्याशिवाय तिचा उपयोग शून्य. जुन्या गावठाणातील लाकडी वास्तूंची तपशीलवार नोंद करणे आणि रस्ता नव्याने करताना आधीचा थर खरवडून मगच नवा टाकणे, या दोन गोष्टी महापालिकांनी केल्या तरी बरेच लाकूड वाचेल. त्यासाठी कोणत्याही नव्या योजनेची गरज नाही.

१९१७ साली फय्याजुद्दीन यांनी आखलेल्या लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्यांवर वेगवेगळ्या मालाचे बाजार भरत आले आहेत. व्यापाराची एवढी जाण असलेल्या शहरात दुरुस्तीच्या सेवेला मात्र अजून जागा मिळालेली नाही, कारण आपण मोडून विकण्यात दिसणारा रोख पैसा पाहतो आणि राखण्यात वाचणारा पैसा मोजत नाही. तो मोजून दाखविणे, मर्यादा न लपविता सांगणे आणि दोन पावसाळे थांबण्याची तयारी ठेवणे, हे ज्याला जमेल त्याचा व्यवसाय चालेल. ते न जमता केवळ झळाळीची जाहिरात झाली, तर लोकांचा विश्वास एकदाच उडेल, आणि नंतर येणाऱ्या प्रामाणिक कारागिरालाही दारात कोणी उभे करणार नाही. तोवर भंगाराच्या व्यापाऱ्याचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभाच आहे.